आकडा गावात परत यावा म्हणून

दरवर्षी १ जुलैला धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्यावर केंद्रीय जल आयोगाचे, महाराष्ट्राचे आणि तेलंगणाचे अधिकारी जमतात आणि गोदावरीवरचे चौदा दरवाजे वर उचलले जातात. २८ ऑक्टोबरपर्यंत ते उघडे राहतात, मग पाणी अडवले जाते आणि १ मार्चला त्यातले ०.६ टीएमसी खाली सोडले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने हे वेळापत्रक घालून दिले. नांदेडचे शेतकरी या निकालावर खूश नाहीत आणि त्यांच्या नाराजीत तथ्य आहे. नदीला पाणी असते तेव्हा दरवाजे उघडे, धार बारीक झाली की बंद, मग २.७४ टीएमसीचा बंधारा भरायचा कशाने? तरीही दहा वर्षांहून अधिक काळ दोन्ही बाजूंची माणसे ठरल्या दिवशी हजर राहिली आहेत. परस्परांवर फार विश्वास आहे म्हणून ती येतात असे कोणी म्हणणार नाही. तारीख सगळ्यांना आधीपासून ठाऊक असते, पाण्याची पातळी सर्वांसमोर नोंदवली जाते आणि त्याच दिवशी दरवाजा हलतो. जो गैरहजर राहील त्याच्या वाट्याचे पाणी त्याच्या पाठीमागे ठरेल, हे दोघांनाही पक्के माहीत आहे.

याच नांदेड जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या लातूरमधल्या शेकडो गावांत गेल्या काही वर्षांत मोजणीची दुसरी कामे सुरू झाली. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या निवडक गावांत पाण्याचा ताळेबंद मांडायला घेतला. त्याची पद्धत मुंबईच्या आयआयटीने बसवून दिली. २५ डिसेंबर २०१९ ला जाहीर झालेल्या अटल भूजल योजनेत लातूर आला. तिथे पर्जन्यमापक, विहिरींची पातळी आणि गावाचा जलसुरक्षा आराखडा ही सगळी कामे लोकांनी करायची होती. शिवारफेऱ्या झाल्या, नकाशे निघाले, प्रशिक्षणे झाली. पहिल्या वर्षी चावडी भरते, दुसऱ्या वर्षी सरपंच आणि ग्रामसेवक उरतात, तिसऱ्या वर्षी नोंदवहीत एकाच हाताने, एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेल्या बारा महिन्यांच्या रकान्यांशी गाठ पडते. लांब चालणाऱ्या मोजणीत लोकांना शेवटपर्यंत कसे सोबत ठेवायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याचे नेहमीचे उत्तर ‘जनजागृती वाढवा’ असे असते, ते मला पटत नाही. गाव उदासीन असते म्हणून लोक मोजणी सोडतात, हे निदानच चुकीचे आहे. ज्याने आकडा दिला त्याच्याकडे तो आकडा, अर्थ लागलेल्या रूपात आणि त्याचा पुढचा निर्णय व्हायच्या आत परत आला नाही, तर तो माणूस मोजणी सोडतो, आणि त्याचे ते सोडणे शहाणपणाचेच असते. बाभळीवर आकडा आणि निर्णय एकाच दिवशी भेटतात. गावच्या विहिरीवर मात्र त्यांची भेट बहुधा होतच नाही.

मुळात भूजलाच्या नोंदीला इतकी वर्षे का लागतात हे आधी पाहू. लातूरला सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, नांदेडला त्याहून जास्त, नऊशेच्या घरात. माण-खटावसारखा हा सदाचा कमी पावसाचा मुलूख नाही. इथली अडचण पावसाच्या लहरीपणाची आणि खालच्या खडकाची आहे. बहुतेक भाग बेसाल्टचा. वर काळी माती, मग मुरूम, मग कुठे भोकाभोकांचा मांजऱ्या खडक तर कुठे अभेद्य काळा पाषाण. देगलूर-बिलोलीकडे गेले की बेसाल्ट संपतो आणि ग्रॅनाइट लागतो, तिथला पाण्याचा हिशेबच वेगळा. अशा खडकात दोन बांधांवरच्या दोन विहिरी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि एका वर्षाच्या आकड्यावरून दुसऱ्या वर्षाबद्दल काही सांगता येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपताना, अशी वर्षातून चार वेळा घेते आणि तिची तुलना मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी करते. म्हणजे नव्याने मोजू लागलेल्या गावाला आपली विहीर नेहमीपेक्षा वर आहे की खाली, एवढे साधे वाक्य म्हणायलाच पाच पावसाळे लागतात. प्रकल्पाचे आयुष्यही साधारण तेवढेच असते. नोंदी बोलू लागतात तेव्हा प्रकल्पाचे कार्यालय आवरायला आलेले असते.

त्यातली एक नोंद जवळून पाहण्यासारखी आहे. विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण केलेली असते. टेप तिथूनच सोडायचा, दुसरीकडून सोडला तर कठडा कमी-जास्त उंच असल्यामुळे फूटभराचा फरक सहज पडतो. आकडा वाचायचा, त्यातून कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायची आणि मग लिहायचे. काम पाच मिनिटांचे. पण त्या पाच मिनिटांच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो: मोटार शेवटची कधी चालली? शेतीची लाईट कधी दिवसपाळीला असते, कधी रात्रपाळीला. रात्री लाईट आली, मालकाने पहाटेपर्यंत गव्हाला पाणी दिले आणि सकाळी मोजणारा पोहोचला, तर टेप दाखवतो ती उपसा झालेल्या खड्ड्याची पातळी. पाणी अजून मूळ जागेवर आलेलेच नसते. शेजाऱ्याने त्याच आठवड्यात नवा बोअर घेतला असेल, ओढ्यावरचा बंधारा फुटला असेल, विहिरीतला गाळ काढला असेल. या गोष्टी कोणत्याही रकान्यात बसत नाहीत आणि त्या कळल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. त्या फक्त विहिरीच्या मालकाला ठाऊक असतात. तलाठी बदलतो, ग्रामसेवक बदलतो, जिल्हाधिकारी दोन-तीन वर्षांत जातात, सरपंचाची मुदत पाच वर्षांची. या सगळ्यांत तीस वर्षे जागेवर राहणारा एकच माणूस आहे आणि आपण त्याला ‘लाभार्थी’ म्हणून कागदाच्या शेवटच्या ओळीत टाकतो. लोकसहभागाकडे शिष्टाचार म्हणून पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की हा माणूस बाजूला झाला की नोंद चुकते. नुसती सभ्यता म्हणून नव्हे, तर शास्त्रीय अचूकतेसाठीच तो शेवटपर्यंत लागतो.

मग तो बाजूला का होतो? त्याच्या वर्षाचा हिशेब मांडून पाहा. सप्टेंबरअखेर पाऊस आवरतो, सोयाबीन काढणीला येते आणि ऑक्टोबरमध्ये त्याला ठरवायचे असते की रब्बीला काय करायचे. हरभऱ्याला हंगामभरात अडीचशे-तीनशे मिलिमीटर पाणी पुरते. उसाला वर्षभरात दोन हजारांच्या आसपास लागते. एका चुकीच्या निर्णयाची किंमत म्हणजे फेब्रुवारीत वाळलेले पीक किंवा एप्रिलमध्ये घेतलेला कोरडा बोअर. हा निर्णय तीन आठवड्यांत होतो. त्या तीन आठवड्यांत गावाच्या हाती दोन आकडे हवेत: यंदा किती पडले आणि विहिरीत किती चढले. पहिला आकडा गावातल्या पर्जन्यमापकात असतो, दुसरा टेपवर. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, एवढे सूत्र आठवीच्या मुलालाही येते. हजार हेक्टरच्या शिवारावर आठशे मिलिमीटर पडला तर आठशे कोटी लिटर. त्यातले मुरते थोडेच, बरेचसे वाहून किंवा उडून जाते, पण जे मुरते त्यात किती एकर हरभरा आणि किती एकर ऊस बसतो हा हिशेब चावडीवर तासाभरात होऊ शकतो. प्रत्यक्षात आकडे तालुक्याला जातात, तिथून जिल्ह्याला, तिथे तपासले जातात, त्यांचा अहवाल होतो, आणि अहवाल छापून येईपर्यंत हरभरा घरात आलेला असतो. दुसऱ्या वर्षी त्याच माणसाला पुन्हा टेप धरायला सांगितले तर तो कामाचे निमित्त काढतो. त्याच्या जागी दुसरे कोणीही तेच करील.

यातली हळहळण्यासारखी गोष्ट अशी की सरकारी पंचांगात योग्य दिवस आधीच आहे. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखांत २ ऑक्टोबर आहे. पावसाळी नोंद तेव्हाच संपते, विहिरीची पावसाळ्यानंतरची पातळी तेव्हाच घेतली जाते आणि रब्बीचा निर्णय तेव्हाच व्हायचा असतो. तीन गोष्टी एका आठवड्यात येतात, आणि त्या सभेच्या विषयपत्रिकेवर बहुधा स्वच्छतेची शपथ आणि घरकुलाची यादी असते. अटल भूजल योजनेने पाण्याची माहिती लोकांसमोर जाहीर करणे ही निधी मिळण्याची एक अटच केली, हे योग्य पाऊल होते. पण जाहीर करणे म्हणजे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटने ताळेबंद रंगवणे असा अर्थ निघाला की काम तिथेच थांबते. रंगवलेला आकडा पुढच्या वर्षी बदलायला रंगारी लागतो, रंगाऱ्याला बिल लागते, बिलाला मंजुरी. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी पुसून लिहिता येईल असा साधा फळा आणि खडू जास्त कामाचा. हा तपशील क्षुल्लक वाटेल. लांबच्या कामात माणसे टिकणे बरेचसे अशाच तपशिलांवर ठरते.

संकटात लोकांना जमवावे लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या उन्हाळ्यात लातूरमधल्या प्रत्येक घराला आज किती लिटर आले हे माहीत होते. त्याच वर्षी पाऊस भरपूर झाला, मांजरा भरले आणि आकड्यांतला रस ओसरला. याच सुमारास सुरू झालेल्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये उन्हाळ्यातल्या पंचेचाळीस दिवसांत गावेच्या गावे कुदळ-फावडे घेऊन उतरली. पहिल्या वर्षीच्या तीन तालुक्यांत लातूरला लागून असलेले अंबाजोगाई होते. पंचेचाळीस दिवसांचा उत्साह खरा होता आणि त्याने झालेले कामही खरे. पण मोजणीचे काम नेमके त्या वर्षांत लागते जेव्हा काही घडत नाही. भरल्या धरणाच्या वर्षी घेतलेली पातळी ही पुढच्या दुष्काळाची पूर्वतयारी असते, आणि भरल्या धरणाच्या वर्षी कोणालाही टेप आठवत नाही. म्हणून उत्साहावर उभी केलेली मोजणी टिकत नाही. ती सवयीवर उभी करावी लागते आणि सवयीला दरवर्षी काहीतरी हाती पडावे लागते.

या भागात असे एकदा घडले आहे आणि ते पुरेसे आठवले जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुढची काही वर्षे पुनर्वसन चालले. गावांचे अ, ब, क असे वर्ग पाडले गेले. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक ठिकाणी लोकांनी आपापली घरे स्वतः दुरुस्त किंवा मजबूत करायची, त्याचे पैसे टप्प्याटप्प्याने मिळायचे, अशी व्यवस्था झाली. आकड्यांच्या दृष्टीने हा प्रचंड खटाटोप होता: दोन लाखांच्या घरातल्या वास्तूंची पाहणी, प्रत्येकीचे नुकसान, प्रत्येकीचा हप्ता, प्रत्येकीचे काम कुठवर आले त्याची नोंद. यादीवरून भांडणे झाली, वर्गवारीवरून मोर्चे निघाले, अ वर्गात यावे म्हणून गावांनी जोर लावला. तरीही हे काम वर्षानुवर्षे चालले आणि लोक त्यातून उठून गेले नाहीत. त्याचे एक कारण ‘संवाद सहायक’. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने हजाराहून अधिक गावांत, मुख्यतः गावातल्याच बायकांना, हे काम दिले गेले. हप्ता का अडला, अभियंत्याने काय लिहिले, भिंतीत पट्टा कुठे यायला हवा, हे त्या घरोघरी सांगत आणि घरचे म्हणणे परत कार्यालयात नेत. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा लातूर भागातल्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. सात-आठ वर्षांनंतरही माहिती त्यांच्या डोक्यात ताजी होती, कारण ती त्यांनी वापरली होती.

‘किल्लारीत पैसे होते, म्हणून लोक टिकले’ असे यावर कोणी म्हणेल. म्हणणे बरोबर आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे. पैसे होते आणि ते नोंदीशी बांधलेले होते. जोत्याची नोंद झाल्याशिवाय पुढचा हप्ता नव्हता. पाण्याच्या नोंदीतही पैसा आहे, फक्त तो कुणाच्या खात्यावर येत नाही, मातीत जाण्यापासून वाचतो. लातूरमध्ये सहाशे-सातशे फूट खोल बोअर ही आता बातमी राहिलेली नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियमाने साठ मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खालच्या विहिरीला खोल विहीर ठरवून तिच्यावर बंधने घातली, आणि जमिनीखाली मात्र हा असा व्यवहार चालू आहे. शेजारच्या पाच विहिरींची दहा वर्षांची पातळी समोर असती तर यातले किती बोअर घेतलेच गेले नसते, हा प्रश्न शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. तो हिशेब त्याच्यापुढे मांडला मात्र पाहिजे.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा आहे. महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र आहे, विहिरीत बसवता येईल असे पातळी नोंदवणारे यंत्र मिळते, उपग्रह आहेत; मग टेप घेऊन फिरणाऱ्या माणसाची मिनतवारी कशाला? यंत्राला माझा विरोध नाही. ते कंटाळत नाही, पंधरा मिनिटांनी एकदा लिहिते आणि मागची तारीख टाकून लिहीत नाही. पण मंडळाच्या केंद्रावर पडलेला पाऊस दहा किलोमीटरवरच्या शिवारात पडलेला असतोच असे नाही, आणि विम्याच्या दाव्यांवरून दरवर्षी होणारी हुज्जत नेमकी याच अंतराची आहे. यंत्राने मोजलेल्या आकड्यावर गाव विश्वास कधी ठेवते, तर त्याच्या शेजारी आपला आकडा असेल आणि दोन्ही जुळत असतील तेव्हा. शिवाय यंत्राची बॅटरी संपते, त्याच्यावर कोळी जाळे करतो, तार तुटते. आणि ते बंद आहे हे सर्वांत आधी त्याच माणसाला कळते ज्याला आपण नको म्हणत आहोत. त्याला आकड्याशी देणेघेणे उरले नसेल तर तो फोन करणार नाही.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ज्याचा स्वार्थ आकड्यात गुंतला त्यालाच मोजायला सांगणे म्हणजे आकडा विकत घेणे नव्हे काय? या भीतीला आधार आहे. पैसेवारी पन्नास पैशांच्या वर गेली की सवलती जातात, म्हणून ती खाली यावी असे गावाला वाटते. ताळेबंदात ऊस दिसला तर टीका होते, म्हणून ऊस कमी लिहिला जातो, आणि ऊस लावणारी मंडळी अनेकदा गावच्या पुढाऱ्यांपैकीच असतात. उलट बाजूही पाहावी लागेल. आकडा वर दाखवण्यात कार्यालयाचाही स्वार्थ असतो. जलयुक्त शिवार अभियानावरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२० मध्ये विधिमंडळापुढे आला. पाण्याने परिपूर्ण म्हणून घोषित केलेली अनेक गावे तपासणीत तशी निघाली नाहीत, हे त्याने दाखवून दिले. तिथे आकडे शेतकऱ्यांनी फुगवले नव्हते. स्वार्थ कुठेच नसेल अशी जागा शोधण्यापेक्षा एकमेकांविरुद्धचे स्वार्थ एका आकड्यासमोर आणणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. पैसेवारीच्या समितीत गावचे लोक असतात, ती आधी अंदाजाने, मग सुधारून आणि शेवटी अंतिम अशी तीनदा जाहीर होते. तिच्यात कितीही दोष असोत, तिच्याबद्दल गाव कधी उदासीन नसते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो. रेंज नाही, सर्व्हर बंद, गट नंबर सापडत नाही अशा तक्रारींनी हंगाम जातो, तरी लोक ते करतात, कारण हमीभावाच्या खरेदीत सोयाबीन घालायचे तर सातबारावर त्याची नोंद लागते. विहिरीचा आकडा खोटा लिहिला गेला तर तो पकडणारा माणूस तालुक्याला बसलेला नसतो. शेजारच्या बांधावर असतो. त्याला आकडा दिसला पाहिजे आणि हरकत घेता आली पाहिजे. हरकत घेण्याचा हक्क हाच मला सहभागाचा खरा पुरावा वाटतो. ज्या ताळेबंदावर एकही हरकत आली नाही तो बहुधा कोणी वाचलेला नसतो.

सर्वांत जड आक्षेप शेजारच्या राज्यातून येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अविभाजित आंध्र प्रदेशात २००३ पासून काही वर्षे, अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने, सात दुष्काळी जिल्ह्यांतल्या सहाशेहून अधिक गावांत शेतकऱ्यांनी भूजल मोजले. पाऊस, विहिरी, पंपांचा उपसा अशी सगळी मोजणी ते स्वतः करत, आणि रब्बीच्या तोंडावर गावोगाव ताळेबंद मांडून पीक ठरवले जाई. मी वर सांगितलेल्या जवळजवळ सर्व अटी तिथे पाळल्या गेल्या होत्या. आकडा परत येत होता, वेळेवर येत होता, शेतकरीच तो वाचत होता. जगभर त्याचे कौतुक झाले. प्रकल्प संपल्यावर झालेल्या पाहणीत मात्र अनेक गावांत मोजणी बंद पडलेली आणि समित्या विस्कटलेल्या आढळल्या. म्हणजे माझे म्हणणे खोटे ठरले का? ते अपुरे ठरले, असे मी मानतो. परत येणारा आकडा माणसाला धरून ठेवतो, पण टेप तुटल्यावर नवा टेप, मोजणाऱ्याला महिन्याकाठी काही मानधन आणि हिशेब जुळत नसेल तेव्हा विचारायला एक भूजलतज्ज्ञ, या तीन गोष्टी आकडा आणून देत नाही. हिवरे बाजारचे उदाहरण अशा वेळी पुढे केले जाते. तिथे पाण्याचा जमाखर्च दरवर्षी ग्रामसभेत खरोखरच मांडला जातो, पण त्यामागे एका नेतृत्वाची तीन दशकांहून अधिक वर्षे आहेत. लातूर-नांदेडच्या प्रत्येक गावाला तसे नेतृत्व मिळेल असे गृहीत धरून धोरण आखता येणार नाही. त्याऐवजी खर्च बघावा. एका गावच्या वर्षभराच्या मोजणीला लागणारी रक्कम एका कोरड्या बोअरच्या खर्चापेक्षा कमी आहे. ती प्रकल्पाच्या निधीतून न येता ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात पाणीपट्टीशेजारी दिसू लागली, तर प्रकल्प संपण्याची तारीख मोजणीला लागू होणार नाही.

आणखी एक गोष्ट राहते. गाव म्हणजे विहीरवाले, असे धरून आपण बोलत आलो. ज्यांच्या नावावर विहीर नाही, जमीनही नाही, त्यांच्या घरी पाणी कोणत्या महिन्यात तुटते, याचा रकाना ताळेबंदात सहसा नसतो. पिण्याच्या पाण्याचा आडवा-तिडवा हिशेब ज्या बायकांना रोज करावा लागतो त्यांना हातपंपाचे पाणी कितव्या दांड्याला येते हे तोंडपाठ असते. ती नोंदसुद्धा पातळीचीच नोंद आहे, आणि ती रोजची आहे. किल्लारीत ज्यांना संवाद सहायक केले गेले त्या याच बायका होत्या. पाण्याच्या मोजणीत त्या हजेरीपटावर सहीपुरत्या येतात आणि सभा उठण्याच्या आत घरी जातात, कारण सभा संध्याकाळी, पाणी भरायच्या वेळेला ठेवलेली असते.

पुढच्या प्रकरणांत लातूर आणि नांदेडमधल्या अशा नोंदींची तपशीलवार ओळख आहे: त्या कोणी घेतल्या, कुठे गेल्या, कुठे अडल्या. वाचकाने त्या वाचताना प्रत्येक तक्त्याला दोन प्रश्न विचारावेत: हा आकडा ज्याच्या विहिरीचा आहे त्याला तो कधी कळला, आणि त्यावर त्याला काय म्हणता आले? अटल भूजलसारख्या योजनांची मुदत ठरलेली असते. गावांत लावलेले पर्जन्यमापक, टेप आणि भरलेल्या नोंदवह्या मात्र गावातच राहतात. त्या वह्या ग्रामपंचायतीच्या कपाटात कोणाच्या ताब्यात राहतील, जुन्या वहीची प्रत भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला कोण देईल आणि तिथले विश्लेषण गावाला २ ऑक्टोबरच्या आत कोण पोहोचवेल, हे आज कोणत्याही एका कार्यालयाच्या कामकाजात नेमकेपणाने लिहिलेले नाही. ते लिहून घेण्यासाठी नव्या योजनेची गरज नाही. जिल्हा परिषदेच्या एका परिपत्रकाने ते होऊ शकते, आणि पुढच्या ग्रामसभेची नोटीस निघायच्या आत ते व्हायला हवे.